मोबाईलमधली लुबाडणूक आणि आपली माणसं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलताना वेळेअभावी जे राहून गेले ते लिहिताना थोडे भरून काढले आहे.)



समितीने मला ‘बँक आणि बचत’ या विषयावर बोलायला सांगितले होते. एकतीस वर्षे मी बँकेत काढली, आधी कारकून आणि नंतर रोखपाल म्हणून, तेव्हा हा विषय आपोआपच माझ्या वाट्याला आला. परंतु अध्यक्षांच्या परवानगीने मी तो जरा बदलला आहे. बचत कशी करावी हे मी आपल्या भगिनींना काय सांगणार? बचत गटाच्या वह्या मी तपासल्या आहेत. एक रुपया इकडचा तिकडे झालेला मला कधी सापडला नाही. साठवलेला पैसा एका फोनवर कसा जातो, गेल्यावर घराचं काय होतं आणि तो जातो कुठं, यावर मी आज बोलणार आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. ही गोष्ट आजवर फार थोड्यांना माहीत आहे.

२०२२ सालचा जून महिना होता. सौ.चे ऑपरेशन होऊन आठ-दहा दिवस झाले होते, घरात उकाडा मरणाचा. संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला की मागील महिन्याचे वीजबिल जमा दिसत नाही, रात्री साडेनऊ वाजता वीज तोडण्यात येईल, अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली नंबर. बिल मी भरलेले होते, पावती कपाटात होती. तरी मी फोन केला. पलीकडचा माणूस इतका नम्र बोलला म्हणून सांगू! म्हणाला, “सर, तुमचं बिल भरलेलं आहे, फक्त अपडेट नाही. एक अ‍ॅप टाका आणि दहा रुपये भरा, लगेच दिसेल.” मी टाकले. दहा रुपये भरले. त्या अ‍ॅपमधून माझ्या मोबाईलचा पडदा त्याला तिकडे दिसत होता, मी दाबलेले आकडेसुद्धा दिसत होते. बारा मिनिटांत तीन वेळा मिळून एकसष्ट हजार चारशे रुपये गेले. ज्या माणसाने तीस वर्षे काउंटरवर लोकांना सांगितले की आपला नंबर कोणाला देऊ नका, त्याचे गेले.

त्या रात्री मी जेवलो. टीव्हीसुद्धा पाहिला. सौ.ला सांगितले नाही. पोरगा नाशिकला असतो, त्यालाही नाही. नऊ दिवस मी गप्प होतो. पैशाचे दुःख होतेच, पण ‘बँकवाले काका फसले’ हे वाक्य गल्लीत ऐकायला लागेल याची भीती त्याहून मोठी होती. दहाव्या दिवशी औषधाला पैसे काढायचे म्हणून सौ.ने पासबुक मागितले आणि मग सगळे बाहेर आले. तक्रार द्यायला गेलो तेव्हा तिथल्या माणसाने शांतपणे विचारले, “काका, त्याच रात्री का नाही आलात?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पैसा पहिल्या खात्यात पंधरा मिनिटेसुद्धा थांबला नव्हता.

मित्रहो, आता तुम्ही म्हणाल, शिकलेला माणूस असा कसा फसला? हा प्रश्न मीही स्वतःला पुष्कळ विचारला. उत्तर असे आहे की फसवणारा आपल्या बुद्धीशी बोलतच नाही, आपल्या भीतीशी बोलतो. माझी भीती पंख्याची होती. कोणाची पोलिसांची असते, कोणाची नोकरीची. आणि जिथे भीती नसेल तिथे तो आशेशी बोलतो, किंवा नात्याशी बोलतो.

नात्याचे उदाहरण आपल्या मराठवाड्यातलेच घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली येथील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. लग्नाला जरूर यावे, अमुक तारीख, आणि खाली पत्रिका. त्याने पत्रिका उघडली आणि खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच. ते मोबाईलमध्ये शिरणारे अ‍ॅप होते. अशा फाईलच्या नावाच्या शेवटी ए-पी-के ही इंग्रजी तीन अक्षरे असतात. ती एकदा आत बसली की बँकेचे मेसेज, ओटीपी सगळे ती परस्पर पाहते. आपल्याकडे पत्रिका म्हणजे मानाची गोष्ट. कोणाची आहे हे पाहण्यासाठी तरी माणूस उघडतोच. चोराला आपली रीत आपल्याइतकीच माहीत आहे.

आशेचेही तसेच. ‘लाडकी बहीण’ योजनेत सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी करायला सांगण्यात आले आणि लगोलग बनावट संकेतस्थळे निघाली. नाव तेच, रंग तेच. दीड हजार रुपये बंद होतील या धास्तीने बायका आधार नंबर आणि ओटीपी भरत बसल्या. शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणून आपल्या पोरांना फोन येतात. पीएम किसानच्या नावाने अ‍ॅप फिरतात. म्हणजे ज्या ज्या दाराने गरिबाच्या घरात थोडाफार पैसा येतो, त्या प्रत्येक दारात हे उभे आहेत. आपल्या तालुक्यात समृद्धी महामार्गात जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्याचा पैसा लोकांच्या खात्यावर आला आणि त्या पैशामागे कसले कसले लोक दुप्पट-तिप्पट करून देतो म्हणत फिरले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा ते मोटारसायकलवर यायचे आणि चहा प्यायचे. आता टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये येतात आणि शेअर बाजाराचा खोटा फायदा पडद्यावर दाखवतात. आकडा रोज वाढताना दिसतो, काढायला गेलं की आधी ‘टॅक्स’ भरा म्हणतात.

आमच्या आज्याच्या काळी सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा. वर काय लिहिलं जाणार हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसायचं. आज्याला वाचता येत नव्हतं. आम्हाला वाचता येतं, तरी पडद्यावर काय लिहिलंय ते न वाचता आम्ही ओटीपी देतो. ओटीपी हा आजचा अंगठाच आहे. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आपल्याला निदान आपल्या रुपयाचा मेसेज तरी वाचता यायला हवा. (इथे सभेत हशा झाला, पण मी हे गमतीने म्हटले नव्हते.)

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. फोन पे असो, गुगल पे असो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. “तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका” असे कोणी म्हणाला की समजावे, हा घेणारा आहे.

आता भीतीचा सर्वांत भयंकर प्रकार. याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. व्हिडिओ कॉल येतो. समोर पोलिसाचा गणवेश, मागे अशोकस्तंभ. तुमच्या आधारवर ड्रग्जचे पार्सल सापडले आहे, तुम्हाला अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही, कोणाला सांगायचे नाही. लुधियानाचे वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल, वय ८२, यांना २०२४ साली असेच धरले. सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीसुद्धा व्हिडिओवर घेतली! त्यांचे सात कोटी रुपये गेले. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावे लागले की कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. कोणताही पोलीस, कोणतेही न्यायालय मोबाईलवर अटक करीत नाही आणि सुटकेसाठी खात्यावर पैसे मागत नाही.

ओसवाल यांच्या गोष्टीतला पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्यांनी लाज न धरता तक्रार केली आणि सातपैकी सव्वापाच कोटी रुपये पोलिसांना परत मिळवता आले. माझे एकसष्ट हजार मिळाले नाहीत. त्यांच्याकडे मोठे नाव होते, वजन होते, हे खरे. पण त्यांच्याकडे नऊ दिवसांची चुप्पी नव्हती, हेही खरे.

आणि चुप्पीचा शेवट कधी कधी फार वाईट होतो. मार्च २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका वृद्ध जोडप्याने असल्याच छळाला कंटाळून जीव दिला. पन्नास लाखांहून अधिक रक्कम गेली होती, आणि तरी मागणी थांबत नव्हती. कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांनी तर चार-पाच हजारांच्या कर्जासाठी लोकांचे फोटो घाणेरडे करून नातेवाइकांना पाठवले आहेत. पैसा गेला तर माणूस पुन्हा कमावतो. अशा वेळी घरातले जे बोलतात ना, “तुला अक्कल नव्हती का”, “सांगितलं होतं ना तुला”, त्याने माणूस आतून मोडतो. चोर फोन ठेवून मोकळा होतो आणि पुढचा मार घरचे देतात. आपल्या घरी असे झाले तर पहिले वाक्य काय बोलायचे ते आजच ठरवून ठेवा. आमच्या सौ. मला एवढेच म्हणाल्या, “आधी सांगितलं असतं तर दोघं मिळून गेलो असतो.” त्या वाक्यावर मी आजपर्यंत उभा आहे.

बंधू-भगिनींनो, इथपर्यंतचे तुम्ही कुठे ना कुठे ऐकले असेल. माझ्या मनात जे खरे सलते ते आता सांगतो.

पैसा जातो, तो जातो कोणाच्या खात्यात? चोर स्वतःच्या नावाचे खाते वापरत नाही. माझा पैसा पहिल्यांदा ज्या खात्यात पडला, ते वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका वीस वर्षांच्या पोराचे होते, असे मला चौकशीत कळले. त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम तीन हजार रुपयांना दिले होते. कोणाला दिले तेही त्याला धड सांगता येत नव्हते.

याला म्हणतात खाते भाड्याने देणे. आपल्यापासून लांब नाही, मालेगावात नोव्हेंबर २०२४ मध्ये उघडकीस आलेले प्रकरण आठवा. बाजार समितीत नोकरी लावतो असे सांगून डझनभर तरुणांची आधार, पॅन कार्डे घेतली, त्यांच्या नावे बँकेत खाती उघडली आणि थोड्याच काळात त्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रकमेची उलाढाल झाली. ज्यांनी कधी पन्नास हजार एकत्र पाहिले नव्हते, त्यांच्या दारात ईडीचा तपास आला.

त्याहून जुने प्रकरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवारचा दिवस. चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेच्या मध्येच एक खोटी यंत्रणा बसवली होती. एटीएम विचारायचे, या कार्डावर पैसे द्यायचे का? खरी बँक उत्तर द्यायच्या आधी ही खोटी यंत्रणा ‘द्या’ म्हणायची. त्या एका दिवसात २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये नकली कार्डांनी काढले गेले. मग सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये परस्पर हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण ९४ कोटी. यामागे उत्तर कोरियाचे हात असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात नमूद केले.

आता शिक्षा कोणाला झाली ते ऐका. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी धरले, जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत शिक्षा दिल्या. त्यांत उत्तर कोरियाचा एकही नव्हता. होते ते भिवंडीचे, नांदेड जिल्ह्यातले, विरारचे आणि आपल्या तेव्हाच्या औरंगाबादचे. नकली कार्ड घेऊन एटीएमसमोर रांगेत उभी राहिलेली, कॅमेऱ्यात तोंड दिसलेली माणसे. ज्याने डाव रचला त्याचे तोंड कोणत्याच कॅमेऱ्यात नव्हते.

हे वाचले तेव्हा मला वाटले, असतील कोणी. मग २०२४ साली आपल्याच वस्तीतला एक मुलगा माझ्याकडे आला. नाव सांगणार नाही, आणि कृपा करून कोणी अंदाजही बांधत बसू नये. म्हणाला, “काका, माझं खातं बंद पडलंय. शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला.” बँकेत चौकशी केली. दुसऱ्या राज्याच्या पोलिसांच्या पत्रावरून खाते गोठवलेले. पाच आठवड्यांत त्या खात्यातून अकरा लाख रुपये येऊन गेले होते! पोरगा रडायला लागला. शहरात शिकायला असताना एका मित्राने सांगितले होते, ऑनलाइन गेमचे पैसे येतात, तू फक्त खातं वापरू दे, महिन्याला चार हजार देतो. दोन महिन्यांचे आठ हजार त्याने घेतले होते, खोलीचे भाडे भरले होते. ज्या खात्यात बाबासाहेबांच्या पुण्याईने शिष्यवृत्ती जमा होते, तेच खाते.

त्याची आई आठवडी बाजारात भाजी विकते. तिला मी सगळा प्रकार समजावून सांगितला. मला वाटले ती विचारेल, पोराला अटक होईल का, हप्ता कधी सुटेल. ती माऊली जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “काका, ते अकरा लाख कोणाचे व्हते?”

मला उत्तर देता आले नाही. कोणाचे असतील? कोणाच्या पेन्शनचे, कोणाच्या मुलीच्या लग्नाचे. माझ्यासारख्याच कोणा म्हाताऱ्याचे, ज्याला वीज जाईल अशी भीती घातली. तेव्हा मी त्या मायलेकांना माझी एकसष्ट हजारांची गोष्ट सांगितली. घराबाहेर पहिल्यांदा. पोरगा माझ्याकडे बघेना. आपण रोज पंचशील म्हणतो, न दिलेले घेणार नाही म्हणतो. त्याने कोणाच्या खिशात हात घातला नव्हता, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि ते खरेही होते. पण चोराला जो हात लागतो, तो त्याने भाड्याने दिला होता.

मी त्याला पूर्ण निर्दोष म्हणत नाही. पूर्ण गुन्हेगारही म्हणत नाही. घरभाडे थकलेल्या पोराला चार हजार किती मोठे वाटतात, हे आपल्याला कळते. म्हणूनच आमिष त्याला दाखवले जाते, शहरातल्या बंगल्यातल्या पोराला नाही. फोन करणारासुद्धा दर वेळी मोकळाच असतो असे नाही. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेली आपली पोरे म्यानमारच्या सीमेवरच्या आवारांत कोंडून ठेवतात आणि त्यांच्याकडून दिवसरात्र हेच फोन करून घेतात. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना सरकारने दोन विमानांतून परत आणले. परदेशातल्या नोकरीची जाहिरात घेऊन कोणी आला तर आधी चार माणसांना दाखवा.

देशभरात २०२४ या एका वर्षात लोकांचे २२,८०० कोटींहून अधिक रुपये असे गेले. आदल्या वर्षी हा आकडा साडेसात हजार कोटींच्या आत होता. संसदेत दिलेले आकडे आहेत हे. आणि हे फक्त ज्यांनी तक्रार केली त्यांचे. माझ्यासारखे गप्प बसलेले यात धरलेले नाहीत.

आता थोडे कामाचे, आणि थांबतो. पैसा गेला की पहिला फोन १९३० या नंबरवर, त्याच मिनिटाला. भावाला, जावयाला नंतर. तिथे तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसा गेला ते खाते, तिथून पुढचे खाते, असे धरत धरत रक्कम रोखतात. पैसा एटीएममधून बाहेर पडायच्या आत हे व्हायला हवे, म्हणून घाई. मग बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तुम्ही ओटीपी वगैरे काहीही दिलेले नसताना, बँकेचीही चूक नसताना बाहेरच्याने पैसा काढला, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान तुमच्यावर पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ सालचा नियम आहे. बँकेत कोणी टाळाटाळ केली तर हा नियम सांगा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून आल्यावर ‘सांगितलं होतं’ याला किंमत नसते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. अंगठा लावून पैसे काढता, त्या भगिनींनी आधारचे बोटांचे ठसे लॉक करून घ्यावेत. लागेल तेव्हा उघडता येतात.

आणि तरुण मित्रांनो, पासबुक, कार्ड, सिम यांतले काहीही कोणाला वापरायला देऊ नका, मित्र कितीही जवळचा असो. कोणी दिले असेल तर आज कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन सांगा. मी ओरडणार नाही. उद्या सकाळी आपण बँकेत जाऊ.

त्या मुलाचे खाते अजून पूर्ण सुटलेले नाही. त्याने स्वतः पोलिसांपुढे जबाब दिला, मित्राचे नाव आणि नंबर दिला, तारखांना जातो. पहाटे रोटेगाव स्टेशनवरून गाडी धरतो. दोनदा मीही गेलो सोबत. शिष्यवृत्तीसाठी दुसरे खाते जोडायला बरेच हेलपाटे झाले.

समितीने मान्य केले आहे की येत्या रविवारपासून वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर मी तासभर बसेन. मोबाईल आणा, आलेले मेसेज दाखवा, नको ती अ‍ॅप काढून टाकू, अंगठा लॉक करू. भगिनींनी संकोच करू नये, सौ. पण येणार आहेत. चष्मा तेवढा विसरू नका, मागच्या वेळी निम्म्या लोकांचा घरी राहिला होता.

जय भीम!